गारगोटीतलं पिवळं सोनंच आहे का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: डोंगरउतारावर दगड शोधत भटकताना मुठीएवढा पांढरा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा दगड सापडला. त्यातून एक तांबूस, गंजलेली भेग गेली आहे. भेगेच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे पिवळे ठिपके आहेत आणि शेजारी काही रिकामे चौकोनी खड्डे. दगड ओला करून मोबाइलच्या टॉर्चखाली काढलेल्या फोटोत ते ठिपके झगझगतात. हे सोनं असेल का? ॲसिड टाकून पाहावं, की सरळ हातोड्याने फोडावं?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. फोडू नका आणि ॲसिडही टाकू नका. क्वार्ट्झमध्ये जागच्या जागी बसलेलं, डोळ्यांना दिसणारं सोनं असेल, तर तो अख्खा नमुना संग्राहकांच्या लेखी आतल्या धातूपेक्षा मोलाचा असतो. शिवाय सोनं कशाच्या शेजारी, कोणत्या भेगेत बसलंय ही सगळी माहिती दगड फुटला की जाते. ऑस्ट्रेलियात हिल एंड इथे १८७२ मध्ये सोनं आणि क्वार्ट्झ यांचा सुमारे २८६ किलोचा एकसंध तुकडा खाणीतून निघाला होता. त्यात अंदाजे ९० किलोच्या वर सोनं होतं. तो फोडून, दळून सोनं काढून घेतलं गेलं. तुमचा दगड त्या तोलाचा नाही, पण फुटलेला दगड जुळवता येत नाही हे दोघांनाही सारखंच लागू आहे.

आता ठिपक्यांकडे वळू. फोटोवरून मी हो किंवा नाही सांगणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. ओला पृष्ठभाग आणि टॉर्चचा थेट झोत या दोन गोष्टींनी पायराइट (लोखंड आणि गंधक यांचं पितळी दिसणारं खनिज), अभ्रक, इतकंच काय गंजाचा पातळ थरसुद्धा सोनेरी दिसतो. सोनं त्याच्या चमकीवरून ओळखायला गेलं की माणूस फसतो. दाबल्यावर, वळवल्यावर, सावलीत नेल्यावर तो कण कसा वागतो ते बघायचं असतं.

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी. दगड स्वच्छ पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि उन्हातून सावलीत न्या. आता तो हातात हळूहळू फिरवत एकाच कणावर नजर ठेवा. अभ्रकाचा कण एका कोनात लखलखतो आणि दगड जरा वळला की विझतो. पायराइटच्या सपाट पृष्ठांचंही तसंच, आणि सावलीत त्याचा पिवळेपणा उतरून तो फिकट पितळी, कधी करडा वाटायला लागतो. सोन्याचा कण मात्र सावलीतही पिवळाच राहतो आणि कोणत्याही कोनातून जवळपास तसाच दिसतो. त्याला लकाकी फार नसते. रंग भरीव असतो. एक सावधगिरी मात्र ठेवा: निसर्गात मिळणाऱ्या सोन्यात थोडीफार चांदी असतेच, आणि ती वाढत जाते तसा रंग फिकट होत जातो. तेव्हा कण दागिन्याच्या रंगाचा नाही एवढ्यावरून त्याला बाद करू नका.

दुसरं, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. हौशी माणसाने एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर ते या भिंगावर घालावेत. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचं आणि दगड त्याच्याकडे आणायचा. लांब धरलेल्या भिंगातून काही कळत नाही. बघायचा तो कणाचा आकार. पायराइटला स्वतःचा आकार असतो: घन, कोपरे तीक्ष्ण, आणि पृष्ठांवर बहुतेकदा एकमेकींना समांतर बारीक रेघा. चॅल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक यांचं खनिज, जास्त पिवळं असतं, म्हणून जास्त फसवतं, पण हवेत उघडं राहिलेल्या त्याच्या पृष्ठावर अनेकदा निळी-जांभळी झाक चढलेली दिसते. झिजलेलं काळं अभ्रक, म्हणजे बायोटाइट, सोनेरी तपकिरी होतं आणि भिंगाखाली त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. सोन्याचे सुबक स्फटिक असतात, पण दुर्मीळ. क्वार्ट्झमधलं सोनं सहसा उरलेल्या जागेत शिरतं. क्वार्ट्झच्या कणांमधल्या फटी, भेगा, कोपरे जसे असतील तसा त्याचा आकार: वेडावाकडा, कडा गोलसर, कुठे तारेसारखा ओढलेला, कुठे पातळ पत्र्यासारखा पसरलेला. एखाद्या ठिपक्याला सरळ कडा आणि नेमका काटकोन दिसला तर माझा कल लगेच पायराइटकडे जातो.

तिसरी तपासणी माझ्या लेखी सगळ्यांत निर्णायक आहे, आणि तिला शिवणकामाची एक सुई पुरते. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सुई, आणि दगड टेबलावर कापडाच्या गुंडाळीत घट्ट बसवलेला. सर्वांत कमी देखणा कण निवडा आणि त्याच्या कडेजवळ सुईचं टोक टेकवून सावकाश दाबा. सोनं असेल तर टोक घट्ट मेणात रुतावं तसं आत जातं. सुई उचलल्यावर तिथे स्वच्छ खळी राहते, खळीच्या काठाला सोन्याची बारीकशी कड वर आलेली दिसते, आणि कुठेही भुकटी नसते. पायराइटवर सुई घसरते. जोर लावला तर कणाची कपची उडते आणि काळसर भुकटी पडते. अभ्रकाचा पापुद्रा सुटून वर येतो.

यात लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. सुईने ओरखडा उठला म्हणजे मऊ, आणि मऊ म्हणजे सोनं, असं ते धरून चालतात. मोहस् कठिणतेच्या मोजपट्टीवर सोनं २.५ ते ३, पायराइट ६ ते ६.५, पण चॅल्कोपायराइट फक्त ३.५ ते ४ आहे. म्हणजे पोलादी सुई चॅल्कोपायराइटलाही ओरबाडतेच. फरक आहे तो भुकटीत. चॅल्कोपायराइट ओरबाडल्यावर त्याची हिरवट काळी पूड होते. सोन्याची पूड होत नाही. ते दबतं, सरकतं, चपटं होतं, पण तुटून भुगा होत नाही. म्हणून ओरखडा उठला का एवढंच न बघता ओरखड्याच्या तळाशी आणि काठावर काय पडलंय ते भिंगातून बघा.

एखादा कण आपोआप सुटून आला असेल तर तो चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर, म्हणजे साध्या टाइलच्या मागच्या बाजूवर घासून पाहता येतो. सोन्याची रेघ सोनेरी पिवळीच उमटते, पायराइट आणि चॅल्कोपायराइट दोघांची हिरवट काळी. दगडात बसलेल्या कणासाठी हे करू नका. सुईने जे कळतं त्यापेक्षा जास्त काही हाती लागत नाही आणि नमुना खराब होतो.

आता त्या रिकाम्या चौकोनी खड्ड्यांबद्दल. तुमच्या वर्णनात मला सर्वांत जास्त रस वाटला तो इथे. ठिपके कदाचित काहीच निघणार नाहीत, पण हे खड्डे काहीतरी सांगतात. त्या जागी एके काळी पायराइटचे घन होते. हवा आणि पावसाचं पाणी लागलं की पायराइट टिकत नाही: त्यातल्या गंधकाचं आम्ल होऊन ते पाण्याबरोबर वाहून जातं आणि लोखंडाचा तांबूस-तपकिरी गंज मागे राहतो. भेगेतला रंग तिथूनच आला असणार. पायराइटच्या पोटात किंवा त्याच्या कडेला सोन्याचे बारीक कण अडकलेले असतील, तर ते मात्र या सगळ्यात जसेच्या तसे राहतात, कारण सोनं गंजत नाही. त्यामुळे खड्ड्याच्या तळाशी, कोपऱ्यात, तपकिरी मातकट भुकटीत मोकळं सोनं सापडायची शक्यता वरच्या चमकणाऱ्या ठिपक्यांपेक्षा कधी कधी जास्त असते. प्रत्येक खड्डा भिंगाखाली धरा, मऊ ब्रशने भुकटी पांढऱ्या कागदावर झटका, आणि ती भुकटी टाकून देऊ नका.

हे नीट कळण्यासाठी सोनं तिथे पोचतं कसं ते थोडक्यात बघू. जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर, साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात सोनं विरघळलेल्या अवस्थेत असतं, आणि त्याला धरून ठेवतो तो पाण्यातला गंधक. खडक तडकून दाब एकदम उतरला, किंवा ते पाणी लोहयुक्त खडकाला भिडून गंधक लोखंडाबरोबर पायराइट होण्यात खर्ची पडला, की सोन्याचा आधार सुटतो आणि ते तिथल्या तिथे बसतं. म्हणूनच सोनं आणि पायराइट यांची सोबत इतकी जुनी आहे. पायराइटला ‘मूर्खांचं सोनं’ म्हणून हिणवतात ते मला कधीच पटलं नाही. माग काढणाऱ्याला तो चांगला खुणेचा दगड आहे. आणि म्हणूनच सोनं शिरेच्या, म्हणजे खडकाच्या भेगेत क्वार्ट्झ भरून झालेल्या पट्ट्याच्या, मधल्या शुभ्र भागात असतं त्यापेक्षा जास्त वेळा कडेला, शेजारच्या खडकाला लागून, किंवा शिरेतून जाणाऱ्या बारीक काळपट रेषांच्या बाजूने असतं. शीर पुन्हा पुन्हा तडकून पुन्हा पुन्हा भरली की तिच्यात असे पट्टे तयार होतात. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या त्या अशाच क्वार्ट्झ शिरांचा पाठलाग करत. उलट, दुधासारखा पांढरा, एकसंध, ज्यात डाग नाही, रेघ नाही, दुसरं कुठलं खनिज नाही असा क्वार्ट्झ दिसायला छान असतो आणि बहुतेकदा पूर्ण रिकामा असतो.

तरीही गंज दिसला म्हणजे सोनं आलंच, असं समजू नका. गंजलेला क्वार्ट्झ जगात सर्वत्र आहे आणि त्यातल्या फारच थोड्यात सोनं असतं. गंज एवढंच सांगतो की इथे भिंग लावून बघण्यासारखं काही आहे.

याची दुसरी बाजूही बघू: ठिपके पायराइट निघाले तर दगडात सोनं नाही असं ठरतं का? नाही. टनामागे ५ ग्रॅम सोनं असलेला खडक जमिनीखालच्या खाणीलाही चांगला समजला जातो. म्हणजे एक किलो दगडात ५ मिलिग्रॅम. तेवढं सगळं सोनं एका कणात गोळा केलं तर तो जेमतेम ०.६ मिलिमीटर बाजूचा घन होईल, आणि प्रत्यक्षात ते शेकडो, हजारो कणांत विखुरलेलं असतं. भिंगाला ते दिसणारच नाही. अमेरिकेत नेवाडातल्या कार्लिन पट्ट्यातलं बहुतेक सोनं तर आर्सेनिकयुक्त पायराइटच्या आत इतकं सूक्ष्म आहे की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. ‘मला सोनं दिसत नाही’ आणि ‘इथे सोनं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसरं विधान फक्त प्रयोगशाळा करू शकते.

घनतेची चाचणी अनेक जण सुचवतील. दगड हवेत तोला, मग दोऱ्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोला. हवेतलं वजन भागिले वजनातली घट म्हणजे विशिष्ट गुरुत्व. शुद्ध क्वार्ट्झचं २.६५ येतं, सोन्याचं १९.३. ऐकायला उत्तम वाटतं. आता समजा दगड हवेत २७० ग्रॅम भरला आणि पाण्यात १०० ग्रॅमने हलका झाला. विशिष्ट गुरुत्व २.७०. नुसता क्वार्ट्झ असता तर वजन २६५ ग्रॅम भरलं असतं, म्हणजे ५ ग्रॅम जादा. हा फरक सोन्यामुळे असेल तर दगडात जवळपास ६ ग्रॅम सोनं आहे. पण पायराइटचं विशिष्ट गुरुत्व ५ आहे, आणि साधारण साडेदहा ग्रॅम पायराइटनेही अगदी हाच आकडा येतो. तुमच्या दगडात गंज आहे, पायराइटचे खड्डे आहेत, म्हणजे वजन वाढवणारं दुसरं काहीतरी आत आहे हे आधीच माहीत आहे. भरीला खड्ड्यांत अडकलेली हवा आकडा खाली ओढते. ही चाचणी स्वच्छ पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये नजरेला दिसणारं सोनं आहे आणि ते किती असावं, याचा अंदाज घ्यायला चांगली. सोनं आहे की नाही हे ठरवायला ती कामाची नाही.

ॲसिडचं आता सविस्तर सांगतो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. नायट्रिक ॲसिड पायराइटला खातं आणि सोन्याला हात लावत नाही हे खरं, पण ते करताना विषारी तपकिरी वाफा निघतात. क्वार्ट्झ विरघळवून सोनं उघडं करायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात असं कुठेतरी वाचाल. ते त्वचेतून आत शिरून रक्तातल्या कॅल्शियमवर घाला घालतं, आणि थोडं अंगावर सांडलं तरी माणूस दगावू शकतो. प्रशिक्षित माणसं आणि सोय असलेली प्रयोगशाळा सोडून त्याचं नावही काढू नका. दगड भाजूनही पाहू नका. सोन्याच्या शिरांत आर्सेनोपायराइट हे चंदेरी खनिज नेहमी आढळतं. त्यावर हातोडा मारला की लसणासारखा वास येतो तो आर्सेनिकचा, आणि ते तापवलं तर आर्सेनिकचा विषारी धूर निघतो. पाऱ्याने सोनं गोळा करायचं तर कोणी सुचवलं तरी करू नका.

दळून बघायचंच असेल तर त्याच जागेवरचे, त्याच शिरेचे, दिसायला सामान्य असे तुकडे वेगळे आणा आणि ते वापरा. हा नमुना बाजूला ठेवा. दळताना दगड ओला ठेवा. क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, म्हणून पाणी हवंच, आणि धुळीला रोखणारा चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा. लोखंडी खलबत्त्यात कुटून बारीक चाळणीतून काढा. कुटताना सोनं आपली ओळख स्वतःच देतं: क्वार्ट्झ आणि पायराइट यांचं पीठ होतं, सोन्याचा कण चपटा होऊन चाळणीवर राहतो. चाळणीवरचा शेवटचा चिमूटभर भाग पुन्हा कुटून खाली ढकलायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी भिंगाखाली बघा. खाली गेलेलं पीठ पसरट थाळीत पाण्याने हलवत धुतलं की हलकं आधी वाहून जातं, मग काळी जड रेती उरते, आणि सोनं असलंच तर ते त्या रेतीच्याही मागे, थाळीच्या कडेला बारीक पिवळ्या शेपटीसारखं रेंगाळतं. पायराइटही जड असल्याने उरतो, पण पाण्याच्या हलक्या झोताने सरकतो. सोनं जागचं हलायला तयार नसतं.

यंत्रांबद्दल थोडक्यात. मेटल डिटेक्टर सोन्याच्या सलग तुकड्याला दाद देतो, विखुरलेल्या बारीक कणांना नाही, आणि मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकी खनिज असलेल्या दगडावरही तो ओरडतो. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, दगडाचा अगदी वरचा थरच वाचतं, आणि जस्त, टंग्स्टन यांच्या क्ष-किरण वर्णपटातल्या रेषा सोन्याच्या रेषेला इतक्या लागून असतात की सोनं नसताना यंत्र सोनं दाखवू शकतं. दुकानातल्या यंत्रावर दगड ठेवून मिळालेली ‘सोनं: ०.० अमुक टक्के’ अशी चिठ्ठी मी पुरावा धरत नाही.

पुरावा म्हणजे ‘फायर असे’ (fire assay), म्हणजे नमुना भट्टीत वितळवून केलेली सोन्याची परीक्षा. दळलेल्या नमुन्यातला बहुधा ३० ग्रॅम भाग शिशाच्या संयुगाबरोबर मुशीत वितळवतात, सोनं-चांदी शिशात गोळा होते, मग शिसं काढून टाकून उरलेला मणी तोलतात किंवा विरघळवून मोजतात. पद्धत शतकानुशतकं जुनी आहे आणि आजही सगळे तिच्यावरच विसंबतात. अडचण वेगळीच असते: दगडात सोनं एकसारखं पसरलेलं नसतं. एकच जाड कण त्या ३० ग्रॅममध्ये आला की आकडा आकाशाला भिडतो, नाही आला की शून्य. म्हणून एका मुठीएवढ्या दगडाऐवजी शिरेच्या वेगवेगळ्या भागांतून काही किलो माल द्या, तो सगळा दळून मगच त्यातून भाग घ्यायला सांगा, आणि निदान दोनदा तपासा. अनेक निकालांतला आपल्याला आवडलेला एक उचलला की काय होतं ते इतिहासात नोंदलेलं आहे. मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्दीने १५७६ मध्ये आर्क्टिक कॅनडातून एक काळा दगड इंग्लंडला आणला. तपासणाऱ्यांनी त्यात काही नाही म्हटलं, एकाने सोनं आहे म्हटलं, आणि विश्वास ठेवला गेला तो त्या एकावर. पुढच्या दोन सफरींत हजार टनांहून जास्त दगड जहाजांत भरून आला आणि सगळा कुचकामी ठरला.

तेव्हा तुम्ही आता करायचं ते असं. दगड सावलीत बघा, खड्डे भिंगाखाली तपासा, एका कणावर सुई टेकवा. खळी पडली आणि भुकटी नाही, तर दगड आहे तसा कापसात ठेवून खनिजं ओळखणाऱ्या भूशास्त्रज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. भुकटी पडली तर तो कण सोनं नाही, पण जागा सोडू नका. दगड सापडला ते ठिकाण नकाशावर आजच नोंदवा, तुकडा कोणत्या बाजूने वर होता, आजूबाजूला कोणता खडक आहे, हेही लिहून ठेवा. दगडाच्या कडा तीक्ष्ण असतील तर तो फार लांबून आलेला नाही; उताराच्या वरच्या बाजूला जात तसाच गंजलेला क्वार्ट्झ कुठपर्यंत मिळतो आणि कुठे मिळेनासा होतो ते बघा, कारण शीर बहुधा त्या दोन जागांच्या दरम्यान असते. तिथून काही उचलण्याआधी जमीन कोणाची आणि खनिजावर हक्क कोणाचा हे विचारून परवानगी घ्या. शीर सापडली तर तिच्या मधल्या पांढऱ्या भागावर वेळ घालवू नका. कडेचा, शेजारच्या खडकाला चिकटलेला, गंजकट भाग आधी भिंगाखाली धरा.